आईचा अबोला आणि २८० फुटांचं घर

ताई,

मी ३२ वर्षांची आहे. ऐरोलीला एका कंपनीत नोकरी करते. कळव्याला आमचा वन बीएचके आहे, कार्पेट (आतली वापरायची जागा) ४२० फूट. त्यात आई-बाबा, भाऊ, वहिनी आणि मी. बेडरूम भाऊ-वहिनीची, हॉल आम्हा तिघांचा. बाबांच्या बातम्या संपल्या की गाद्या पडतात. फोनवर चार शब्द मोकळेपणी बोलायचे तर मी गच्चीवर जाते.

बरेच दिवस घणसोलीत घर शोधत होते. सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी संस्थेने, बांधलेल्या एका जुन्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर वन आरके मिळतोय, म्हणजे एक खोली आणि किचन. रिसेल, कार्पेट २८० फूट, किंमत ३८ लाख. मला घर मनापासून आवडलंय. अमेरिकेतल्या छोट्या छोट्या घरांचे व्हिडिओ मी रोज बघते. तसंच करायचं डोक्यात आहे: पोटमाळा काढून वर झोपायचं, खाली काम करायचं, भिंत पाडून ओपन किचन. कमी सामान, कमी पसारा आणि स्वतःचं दार. एजंटने गावठाणातली एक नवी बिल्डिंगही दाखवली. लिफ्ट, चकचकीत टाइल्स, तेवढंच घर २२ लाखांत.

पण गुढीपाडव्यापासून आईने अबोला धरलाय. शेवटचं बोलली ते असं: "लोकमान्यनगरच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहिलो. त्यातून बाहेर पडायला उभा जन्म घातला. आणि तू कर्ज काढून परत खोलीतच चाललीस? उद्या लग्न झालं तर जावयाला बसवशील कुठे?" वर म्हणते, कळवा ते ऐरोली काय लांब आहे?

माझं चुकतंय का? कोणतं घर घेऊ? आणि हसू नका, पण सोफा-कम-बेड घ्यावा की दिवाण?

— होऊ घातलेली वन-आरकेवाली, कळवा

*

अगं, घर घे. सिडकोचं घे. गावठाणातल्या घराचा विचार सोड, पोटमाळाही सोड आणि किचनच्या भिंतीला हात लावू नकोस. आता एकेक सांगते.

आधी आई, कारण तुझं खरं पत्र तिच्याबद्दलच आहे. ती खोलीला खोली म्हणते आणि तिथेच तुमच्या दोघींचं बिनसतं. जरा हिशेब कर. दहा बाय बारा म्हणजे १२० फूट, माणसं सहा. माणशी वीस फूट आले. एक माणूस गादी टाकून झोपला की वीस फूट संपले. आज कळव्यात ४२० फुटांत तुम्ही पाच जण आहात, म्हणजे माणशी ८४. घणसोलीत तू एकटी, २८०. तुमच्या घराण्यात आजवर कुणाच्या वाट्याला एवढी जागा आली नसेल. आईला जी खोली आठवते आणि तू जी घेते आहेस, त्या दोन्हींना खोली म्हणतात एवढंच त्यांच्यात सारखं आहे.

पण हा हिशेब घेऊन आईसमोर बसू नकोस, भांडण वाढेल. तिला आठवतं ते वेगळंच असणार. चाळीत राहिलेल्या कुठल्याही बाईला विचार, ती खोलीच्या मापाने सुरुवात करत नाही. पहाटेच्या नळाची रांग सांगते. डबा घेऊन सगळ्यांच्या देखत संडासला जायचं, ते सांगते. नवी नवरी असताना साडी बदलायला कोपरा नव्हता, मोरीला धड दार नव्हतं, सासरा पलीकडे पेपर वाचत बसलेला असायचा, ते तर सांगतही नाही, नुसती मान हलवते. जागा कमी होती हे खरंच. पण सलायचं ते हे, की एकही दार आपल्या हाताने लावता येत नव्हतं. तुझ्या पत्रातही शेवटी आलंय काय, तर "स्वतःचं दार". तुम्ही मायलेकी एकाच गोष्टीसाठी भांडताय. तिला ते दार ४२० फुटांच्या रूपात मिळालं, तुला २८० फुटांच्या रूपात मिळतंय.

कळवा-ऐरोली लांब नाही हे तिचं म्हणणं मात्र खरं आहे. ठाण्याला उतरायचं, नऊ-दहा नंबरवर नवी मुंबईची ट्रान्सहार्बर लोकल धरायची, की झालं. तू प्रवासाचं कारण पुढे करत असशील तर नको करूस. तिला कळतं की तू खरं कारण सांगत नाहीस, आणि मग खरं कारण काय असेल याचे ती भलतेच तर्क करत बसते. "मला हॉलमध्ये झोपून आता कंटाळा आलाय" हे सरळ सांग. यात वहिनीबद्दल तक्रार आहे असा अर्थ निघू देऊ नकोस. मुलगी घर सोडून निघाली की पहिलं खापर सुनेच्या डोक्यावर फुटतं.

आणि तिला घर दाखवायला ने. "कसं वाटतं" असं विचारू नकोस, कसं वाटतं ते तिचं ठरलेलं आहे. तिला काम दे. देव्हारा कुठे बसेल? गॅस कुठल्या बाजूला? तांदळाचा डबा, पाटा, लोणच्याची बरणी कुठे राहील? माझी खात्री आहे की ती दहा मिनिटांत ओट्याची उंची चुकीची आहे हे शोधून काढेल आणि अबोला तिथेच सुटेल. रागावून का होईना, बोलेल.

आता त्या व्हिडिओंकडे येते. मीही बघते ते. छान असतात, आणि घर नुकतंच आवरलेलं असताना काढलेले असतात. पण त्या लोकांची गोष्ट आपल्या उलट दिशेने सुरू होते हे लक्षात घे. गेल्या दशकात अमेरिकेत नव्याने बांधलेलं घर सरासरी अडीच हजार चौरस फुटांच्या आसपास होतं. एवढ्या घराचं कर्ज, ते गरम ठेवायचा खर्च, ते भरायला आणलेलं सामान, याला विटलेली माणसं लहान घराकडे वळली. तिथल्या आदर्श बांधकाम नियमावलीत २०१८ साली अशा घरांसाठी वेगळं परिशिष्ट आलं. त्यात ४०० चौरस फुटांपर्यंतच्या घराला 'टायनी' म्हटलंय, पोटमाळा न धरता. म्हणजे तुमचं कळव्याचं पाच जणांचं घर त्यांच्या टायनीहून वीस फुटांनीच मोठं! शिवाय त्या घरात बहुधा एक किंवा दोन माणसं असतात आणि दार उघडलं की बाहेर गवत, झाडं, मोकळी जमीन. त्यांच्या घराचा अर्धा भाग बाहेर असतो आणि कॅमेरा तो फुकटात दाखवतो.

घराचा हा बाहेरचा अर्धा भाग मी तुला बघायला सांगणार आहे, कारण लहान घर त्यावरच तरतं किंवा बुडतं. फार लांब जायला नको. बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज पाहिलंयस का? एका रविवारी जाऊन ये. सिडकोसाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात केलेली वसाहत आहे ती, पारसिकच्या डोंगराच्या पायथ्याशी. कमी उत्पन्नाच्या माणसांनाही परवडावीत म्हणून ४५ ते ७५ चौरस मीटरचे लहान भूखंड, आणि सात-सात घरांच्या मधे साधारण आठ मीटर बाय आठ मीटरचं सामायिक अंगण. घराला घर चिकटवलं नाही, शेजाऱ्याशी सामायिक भिंत ठेवली नाही. का, तर उद्या पैसे आले, माणसं वाढली, तर ज्याला त्याला आपलं घर वाढवता यावं. आणि लोकांनी वाढवलीच. आज जाशील तर मूळची बसकी कौलारू घरं शोधावी लागतील, बाकी ठिकाणी दोन-दोन मजले चढलेत. वास्तुरचनेचे विद्यार्थी ते बघून हळहळतात. मला मात्र त्यात वावगं वाटत नाही. वाढता यावं म्हणूनच तर ती तशी बांधली होती.

तुझा वन आरके वाढणार नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या घराला वाढायला जागाच नसते. फार तर बाल्कनी आत घेतात, आणि ती तू घेऊ नकोस. अंगणाच्या नावाखाली तुझ्याकडे तेवढीच आहे. म्हणून हे घर घेताना मनाशी एक ठरव: हे आठ-दहा वर्षांचं घर आहे. एकटीसाठी उत्तम. लग्न झालं तर दोघांनाही चालेल, फक्त दोघंही घरून काम करणारे नकोत. एका खोलीत दोन मीटिंगा चालू असल्या की सोन्यासारखी माणसं एकमेकांच्या जिवावर उठतात. मूल झालं की भाड्याने देऊन बाहेर पडायचं. स्टेशनजवळच्या वन आरकेला त्या पट्ट्यात भाडेकरू मिळायला वेळ लागत नाही, ऐरोली-महापे-रबाळेला नोकरीला आलेली एकटी मुलंमुली भरपूर आहेत. विकायला मात्र वेळ लागू शकतो, कारण कुटुंबवाले वन बीएचकेच्या खाली बघत नाहीत. लहान घर गोड लागतं ते सोडता येतं तोवर. जावयाला कुठे बसवशील याचं उत्तर हे आहे, आईला सांगून टाक.

एक प्रश्न मात्र आईने विचारलेला नाही, तो मी विचारते. उद्या भावाला मूल झालं तर कळव्याच्या घरात आई-बाबा कुठे झोपणार? आणि त्यांच्यातलं कुणी आजारी पडलं, ऑपरेशन झालं, तर महिनाभर कुणाकडे? आजारी माणूस आणि त्याची उस्तवार करणारं माणूस एकाच खोलीत चोवीस तास, हे फार जड जातं. रात्री दिवा लावता येत नाही, भांडं वाजवता येत नाही. शिवाय तिसरा मजला, आणि जुन्या वसाहती म्हणजे बहुतेक ठिकाणी लिफ्ट नाही. यावर माझ्याकडे सोपा तोडगा नाही. भावाशी आत्ताच बोलून ठेव, कर्ज घ्यायच्या आधी. नंतर तो विषय निघतो तेव्हा "तू तर वेगळी राहायला गेलीस" याच वाक्याने निघतो.

गावठाणातलं घर का नको? नवी मुंबई वसवताना गावकऱ्यांच्या जमिनी गेल्या, कुटुंबं वाढली, आणि त्यांनी गरजेपोटी घरं बांधली. त्यांची बाजू मला पटते, त्यांचा लढाही मोठा आहे. पण तुला दाखवली आहे ती गरजेपोटीची नव्हे, विकण्यापोटीची बिल्डिंग आहे. २२ लाख आणि ३८ लाख यांच्यातला फरक टाइल्सचा नाही, कागदांचा आहे. बांधकाम परवानगी माग, भोगवटा प्रमाणपत्र माग, करार रजिस्टर होणार की नुसता नोटरीवर ते विचार, आणि कुठली राष्ट्रीयीकृत बँक तिथे कर्ज देते ते विचार. एजंट विषय बदलेल. तू कळव्याची आहेस, तुला शिळफाट्याचं वेगळं सांगायला नको. ४ एप्रिल २०१३ ला लकी कंपाउंडमधली बेकायदा इमारत बांधकाम चालू असतानाच कोसळली आणि ७४ माणसं गेली. गावठाणातली प्रत्येक इमारत पडते असं मुळीच नाही. पण पाया कुणी तपासला हे ज्या घराबद्दल कुणीच सांगू शकत नाही, तिथे तू आयुष्याची कमाई ठेवू नकोस.

सिडकोच्या घरालाही कागद आहेतच. जमीन सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असेल तर विक्रीला सिडकोची एनओसी (ना हरकत) आणि हस्तांतरण शुल्क लागतं का ते विचार. लागत असेल तर ते कोण भरणार हे टोकन देण्याआधी लिहून घे. मूळ मालकापासून आजच्या मालकापर्यंतच्या करारांची साखळी पूर्ण आहे का, सोसायटीची थकबाकी आहे का, हे वकिलाला दाखव. आणि २८० फूट कार्पेट म्हणतात ते टेप घेऊन स्वतः मोज. रेरा या घरखरेदीच्या कायद्याने कार्पेटची व्याख्या पक्की केली: बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी त्यात येत नाहीत, आतल्या भिंती येतात. पण रिसेलच्या बाजारात अजून कोण काय धरून सांगेल याचा नेम नसतो. एवढ्या लहान घरात वीस फूट इकडे-तिकडे म्हणजे कपाट आलं किंवा गेलं.

पैशांचं थोडक्यात. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तीस लाखांवरच्या कर्जाला बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते. म्हणजे साडेसात-आठ लाख तुझे. त्यावर मुद्रांक शुल्क, तीस हजार नोंदणी, एजंट, सिडको. अकरा लाखांच्या आसपास हातात हवेत, तेही घरात एक खिळा न ठोकता. फार लहान कार्पेटच्या घरांना काही बँका हात आखडता घेतात, म्हणून कर्जाची तत्त्वतः मंजुरी आधी आण. आणि घर फक्त तुझ्या नावावर घे. घर केवळ बाईच्या नावाने घेतलं तर महाराष्ट्रात २०२१ पासून मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, तुझ्या बाबतीत ३८ हजार रुपये. बाबांचं किंवा भावाचं नाव "असू दे आपलं" म्हणून घातलंस तर ती गेली. नाव घालण्याचा आग्रह होईल. हे कारण पुढे करायला बरं आहे.

आता पोटमाळा. अमेरिकेतल्या त्या घरांना उतरतं छप्पर असतं, माळा त्या उंचीत बसतो. तुझ्या घराचं छत असेल नऊ फुटांच्या आसपास. खाली ताठ उभं राहायला साडेसहा फूट ठेवलेस तर वर उरले अडीच, त्यातून फळीची जाडी वजा. उठून बसलीस की डोकं स्लॅबला. पंखा कुठे लावणार? वैशाखात स्लॅबखाली दोन फुटांवर झोपून बघ एकदा. माळा सामानासाठी ठीक, तोही किचन आणि बाथरूमवर आधीच असेल तोच.

किचनची भिंत तर सोन्याची आहे. वन आरकेमधला 'के' वेगळा आहे हेच त्याचं भाग्य, स्टुडिओत तेवढंही नसतं. ओपन किचन कॉफी आणि टोस्टवर जगणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे मिरचीची फोडणी पडते, कुकरच्या चार शिट्ट्या होतात, आणि शुक्रवारी बोंबील तळलेस तर रविवारपर्यंत उशी सांगत राहील. भिंत ठेव, दार ठेव, वर चांगला एक्झॉस्ट लाव. ते दार बंद झालं की तुझ्याकडे दोन खोल्या आहेत. आई राहायला आली आणि पहाटे पाचला चहाला उठली, की त्याचं मोल कळेल.

घर पुन्हा बघायला भर पावसात जा. उन्हात सगळीच घरं कोरडी असतात. खिडकीखाली आणि बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर तळहात टेकव. लहान घरात ओल धरली तर दुसरीकडे सरकायला जागा नसते. चार महिने ओले कपडे तुझ्या डोक्यावरच वाळणार, म्हणून हवा आरपार जाते का ते बघ. समोरासमोर खिडक्या नसतील तर निदान दार उघडल्यावर वारा येतो का? येत असेल तर जाळीचं सेफ्टी डोअर लाव आणि संध्याकाळी मुख्य दार उघडं ठेव. समोरचे कोण आहेत ते ओळख करून घेऊनच सही कर. एकटीने लहान घरात राहताना भिंती अंगावर येतात त्या संध्याकाळी सातनंतर, आणि तेव्हा पॅसेजमध्ये कुणी लसूण सोलत बसलेलं असेल तर बरं असतं. घणसोलीत सेंट्रल पार्क आहे, रोज पाऊण तास तिकडे जा. तो तुझ्या घराचाच भाग धर.

सामानाचं तू लिहिलंयस की कमी ठेवणार. तू ठेवशील गं. पण अबोला सुटला की आई पितळेचे डबे, दोन गोधड्या, सहा माणसांची स्टीलची ताटं आणि हंडा-कळशी घेऊन येईल. नाही म्हणू नकोस. दोन गोष्टी ठेवून घे, बाकीच्या "कळव्यालाच राहू देत, सणाला लागतील" म्हण. गोधडी ठेवून घेच.

सोफा-कम-बेड घेऊ नकोस. रोज रात्री ओढायचा आणि रोज सकाळी घडी घालायचा उत्साह महिनाभर टिकतो, मग तो उघडाच पडतो आणि अर्धी खोली खातो. मधल्या फटीने पाठ धरते ती वेगळीच. दिवाण कर, तीन बाय सव्वासहा, खाली सामानाला जागा असलेला. वरची फळी उचलायचा प्रकार नको, गादीसकट ती एकटीला उचलत नाही. पुढे ओढायचे खण करून घे. दुसरी गादी त्याच खणात राहील. आणि सुताराला माप देण्याआधी जिन्याच्या वळणाचं माप घे. अखंड दिवाण तिथून चढत नसेल तर दोन भागांत करायला सांग.